जॅक लुईस यांच्या दोन प्रार्थना

नार्नियाची पुस्तकं आपल्यापैकी काहींनी वाचली असतील, बाकीच्यांनी निदान सिनेमा तरी पाहिला असेल. कपड्यांच्या कपाटातून थेट बर्फाच्या देशात पोचणारी ती चार भावंडं आणि अस्लान नावाचा तो सिंह. ही पुस्तकं लिहिणारे क्लाइव्ह स्टेपल्स लुईस हे ऑक्सफर्डला शिकवत, पुढे केंब्रिजला प्राध्यापक झाले. इंग्रजी साहित्याच्या अभ्यासात त्यांचं नाव मध्ययुगीन वाङ्मयाचे जाणकार म्हणून येतं. चर्चच्या वाचनालयात गेलात तर तेच नाव ख्रिस्ती विश्वासाची बाजू तर्काने मांडणारे लेखक म्हणून भेटतं. मला या लेखात त्यांच्या आयुष्यातली वेगळी गोष्ट सांगायची आहे. या माणसाने दोन वेळा, जीव तोडून, आपल्या माणसाला बरं कर म्हणून देवाकडे मागणं मागितलं. पहिल्यांदा वय होतं ९ वर्षं, दुसऱ्यांदा ५८. दोन्ही वेळा आजार कॅन्सरचा होता. आणि दोन्ही वेळा शेवटी ते माणूस गेलं.

ही गोष्ट का सांगायची? कारण ती आपल्या घराघरांत घडते. कुणाला मोठं दुखणं आलं की घरात प्रार्थना सुरू होते. बेळगावकडची जुनी माणसं पेशंटला घेऊन मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात जायची, तेव्हा डॉक्टरांइतकाच भरवसा प्रार्थनेवर असायचा. कुणी वेळांकणीला नवस बोलतं, कुणी देवळात, कुणी दर्ग्यात. माणूस बरं झालं तर उपासनेत उभं राहून साक्ष दिली जाते, सगळे आनंदाने देवाचे आभार मानतात. आणि नाही झालं तर? त्या घराची साक्ष कुणी मागत नाही. उलट कधी कधी कुणीतरी दबक्या आवाजात बोलून जातं, की विश्वास कुठेतरी कमी पडला असेल. आधीच पोळलेल्या माणसाला हा दुसरा चटका. लुईस यांना हे दोन्ही चटके ठाऊक होते, म्हणून त्यांची गोष्ट.

लुईस यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८९८ रोजी आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहरात झाला. वडील आल्बर्ट वकील होते. आई फ्लोरा ही एका धर्मगुरूंची मुलगी. त्या काळात मुलींनी कॉलेजात जाणं हीच नवलाची गोष्ट, आणि ही बाई गणित आणि तर्कशास्त्र घेऊन पदवीधर झालेली. तीन वर्षांनी मोठा भाऊ वॉरन. धाकट्याने लहानपणीच स्वतःचं नाव बदलून जॅक ठेवलं आणि घरच्यांसाठी, मित्रांसाठी तो जन्मभर जॅकच राहिला. मोठं घर, माळ्यावरच्या खोल्या, पुस्तकंच पुस्तकं, बाहेर आयर्लंडचा न थांबणारा पाऊस. दोघं भाऊ चित्रं काढायचे, गोष्टी रचायचे.

१९०८ साली हे सगळं मोडलं. एका रात्री जॅकचं डोकं आणि दात दुखत होते, तो आईसाठी रडत होता, पण आई आली नाही. आईच्या खोलीत डॉक्टर जमले होते. फेब्रुवारीत तिचं ऑपरेशन घरीच झालं, तेव्हा अशी रीतच होती. पोटाचा कॅन्सर निघाला. काही दिवस उतार पडल्यासारखं वाटलं, मग पुन्हा दुखणं उलटलं.

जॅकला कुणीतरी शिकवलं होतं, की विश्वासाने मागितलेली प्रार्थना ऐकली जाते. पोराने ते शब्दशः घेतलं. विश्वास म्हणजे काय, तर आई बरी होणारच अशी मनाची पक्की खात्री करून घ्यायची, असं त्याला वाटलं. मग तो जोर लावून ती खात्री मनात आणायला लागला, जशी एखादी जड वस्तू उचलावी तशी. २३ ऑगस्ट १९०८ रोजी आई गेली. तो दिवस वडिलांच्या वाढदिवसाचा होता. आई गेल्यावरही जॅकने प्रार्थना थांबवली नाही. आता तो ती परत जिवंत व्हावी म्हणून मागू लागला. काहीच झालं नाही.

पुढे १९५५ साली आपल्या आठवणींच्या पुस्तकात लुईस यांनी या प्रसंगाबद्दल फार प्रामाणिकपणे लिहिलं आहे. आई गेली म्हणून आपली श्रद्धा लगेच गेली असं ते म्हणत नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की त्या प्रार्थनेत देवाबद्दल प्रेम नव्हतं, भीतीही नव्हती. देव म्हणजे त्यांना एखादा जादूगार वाटत होता. त्याने यावं, काम करावं आणि निघून जावं. जादू चालली नाही, तेव्हा मुलाने ते तसंच सोडून दिलं. मुलांचे कितीतरी बेत फसतात, त्यातलाच एक.

पण घाव तर बसलाच. वडील दुःखाने इतके खचले होते की मुलांना धीर देणं त्यांना जमेना. आईला जाऊन महिना होतो न होतो तोच जॅकला समुद्रापलीकडे इंग्लंडमधल्या बोर्डिंग शाळेत पाठवलं गेलं. तिथला हेडमास्तर मुलांना निर्दयपणे झोडपायचा. त्या घरात आणि त्या मायेत जी स्थिरता होती, ती आता कायमची गेली.

गंमत म्हणजे त्या वाईट शाळेतच जॅक मनापासून प्रार्थना करायला लागला आणि पुढच्या, बऱ्यापैकी चांगल्या शाळेत त्याने श्रद्धा सोडली. याचं एक कारण प्रार्थनाच होती. लहानपणी लागलेली सवय सुटली नव्हती. नुसते शब्द म्हणून भागत नाही, प्रत्येक वाक्याला मनात ठरावीक भावना दाटून यायला हवी, असा नियम त्याने स्वतःवर घालून घेतला. भावना आली नाही की तेच वाक्य पुन्हा. मग पुन्हा. रात्री वसतिगृहात अंथरुणावर हे कष्ट चालायचे, झोप नाही, डोकं शिणलेलं. १२-१३ वर्षांच्या मुलाला हा जाच असह्य झाला. जगात देव नाहीच असं मानल्यावर त्याला दुःख झालं नाही, सुटका झाल्यासारखं वाटलं.

इथे जरा थांबायला हवं. आपल्यातलेही कितीजण असंच करतात. आपल्या प्रार्थनेत किती जोर होता, डोळ्यांत पाणी आलं की नाही, शंका आली तर नाही ना, हे आतल्या आत तपासत बसतात. मग प्रार्थनेत देवाकडे लक्ष राहतच नाही, स्वतःकडेच राहतं. लुईस यांनी ही चूक ओळखली, पण त्याला बरीच वर्षं गेली.

पुढची वर्षं भराभर सांगतो. विल्यम कर्कपॅट्रिक नावाच्या खाजगी शिक्षकाने जॅकला काटेकोर तर्क शिकवला. १९१७ साली तो ऑक्सफर्डला पोचला, तोवर पहिलं महायुद्ध चालू होतं. बरोबर एकोणिसाव्या वाढदिवशी तो फ्रान्समधल्या खंदकात दाखल झाला. १९१८च्या एप्रिलमध्ये तोफगोळ्याने जखमी झाला. पॅडी मूर हा मित्र त्या युद्धात मेला. त्याच्या आईची जबाबदारी लुईस यांनी उचलली आणि १९५१ साली ती वारेपर्यंत निभावली. १९२५ साली ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजात ते फेलो झाले.

देव आहे हे त्यांनी मान्य केलं ते १९२९ साली, आणि तेही आनंदाने नव्हे, नाइलाजाने, बुद्धीला दुसरा मार्ग उरला नाही म्हणून. १९३१च्या सप्टेंबरमध्ये कॉलेजच्या आवारातल्या फिरायच्या वाटेवर जे. आर. आर. टॉल्किन आणि ह्यूगो डायसन या दोन मित्रांशी रात्री उशिरापर्यंत बोलणं झालं. थोड्याच दिवसांत भावाच्या मोटारसायकलच्या साइडकारमध्ये बसून प्राणिसंग्रहालय बघायला जात असताना त्यांच्या लक्षात आलं, की आपण आता ख्रिस्तावर विश्वास ठेवतो. म्हणजे आईसाठी केलेल्या प्रार्थनेनंतर तेवीस वर्षांनी.

नंतर ते ख्रिस्ती विश्वासाचे मोठे लेखक झाले. १९४० साली दुःखाच्या प्रश्नावर त्यांचं पुस्तक आलं. महायुद्धात बीबीसीवर त्यांची भाषणं घरोघरी ऐकली गेली. पत्रांचा ढीग यायला लागला. अनोळखी माणसं आपली दुखणीखुपणी लिहायची, ते उत्तर लिहायचे आणि रोजच्या प्रार्थनेत त्यांची नावं घ्यायचे. ही यादी वर्षागणिक लांबतच गेली.

तरीही आजारपणातल्या प्रार्थनेचा गुंता त्यांच्या मनातून सुटला नव्हता. ८ डिसेंबर १९५३ रोजी ऑक्सफर्डमधल्या धर्मगुरूंच्या एका मंडळात त्यांनी निबंध वाचला. त्याचा विषय असा, की शुभवर्तमानांत मागणं मागायचे दोन नमुने दिसतात. एक गेथशेमाने बागेतला. येशू दुःखाचा प्याला टळावा म्हणून मागतो, पण निर्णय पित्यावर सोडतो. दुसरा नमुना मार्कच्या अकराव्या अध्यायातला. तिथे सांगितलं आहे, की मिळालंच आहे असा विश्वास धरा म्हणजे मिळेल. आता सांगा, एकच माणूस एकाच वेळी दोन्ही कसं करणार? तुझी इच्छा असेल तर, असं म्हणायचं आणि त्याच दमात मिळणारच ही खात्रीही बाळगायची? लुईस यांनी आपल्याला उत्तर सापडलं नसल्याचं कबूल केलं आणि समोर बसलेल्या धर्मगुरूंनाच विचारलं, की आज रात्री मी प्रार्थना करावी तरी कशी? नऊ वर्षांच्या पोराला जो प्रश्न नीट मांडता आला नव्हता, तो पंचावन्न वर्षांच्या विद्वानाने चारचौघांत मांडला. एवढा नावाजलेला लेखक, पण हे मला कळत नाही असं म्हणायची त्यांना लाज वाटली नाही.

१९५५ साली नार्नियाचं एक पुस्तक आलं, त्या देशाच्या जन्माची कथा. त्यात डिगरी नावाचा मुलगा आहे. त्याची आई मरणाला टेकलेली. तो अस्लानकडे तिच्यासाठी औषध मागतो. त्या वेळी अस्लानच्या डोळ्यांत मुलाच्या डोळ्यांपेक्षा जास्त पाणी असतं. शेवटी त्याला एक फळ मिळतं, ते खाऊन आई बरी होते. बेलफास्टच्या घरात जे घडलं नाही, ते लुईस यांनी गोष्टीत घडवलं. ते वाचताना मला नेहमी वाटतं, की नुसती आई बरी झाली एवढंच त्यांना लिहायचं नसावं. देवाला आपल्या दुःखाचं काहीच वाटत नाही, ही मुलाची भीती त्यांना आधी घालवायची असावी.

याच सुमारास त्यांच्या आयुष्यात जॉय डेव्हिडमन आल्या. जॉय न्यूयॉर्कच्या, १९१५ सालचा जन्म, ज्यू घरातल्या. तरुणपणी कम्युनिस्ट आणि नास्तिक, स्वतः कवयित्री. पुढे त्यांनी ख्रिस्ती विश्वास स्वीकारला. १९५० पासून लुईस यांच्याशी पत्रव्यवहार सुरू झाला. पहिलं लग्न मोडलं, तेव्हा डेव्हिड आणि डग्लस या दोन मुलांना घेऊन त्या इंग्लंडला राहायला आल्या. बोलण्यात हजरजबाबी, वादात लुईसना हार न जाणाऱ्या. ब्रिटनमध्ये राहायची परवानगी मिळावी म्हणून २३ एप्रिल १९५६ रोजी दोघांनी नोंदणी विवाह केला. तेव्हा ते नुसतं कागदावरचं लग्न होतं, दोघं वेगवेगळ्या घरांत राहत होते.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये जॉय घरात पडल्या आणि मांडीचं हाड मोडलं. तपासणीत कळलं, की हाड कॅन्सरने पोखरलेलं आहे आणि रोग इतरत्रही पसरला आहे. जॉयचं वय ४१. ऑपरेशनं झाली, किरणोपचार झाले. गुण दिसेना. आपलं या बाईवर प्रेम आहे हे लुईस यांना या आजारपणातच पुरतं उमगलं.

त्यांना आता चर्चमध्ये, देवासमोर लग्न करायचं होतं. पण जॉय घटस्फोटित असल्यामुळे बिशपची परवानगी मिळेना. मग लुईस यांनी पीटर बाइड या धर्मगुरूंना बोलावलं. ते लुईस यांचे जुने विद्यार्थी. आजाऱ्यावर हात ठेवून त्यांनी केलेल्या प्रार्थनेनंतर एक मरणासन्न मुलगा बरा झाला होता, असं त्यांच्याबद्दल ऐकिवात होतं. लुईस यांनी त्यांना जॉयवर हात ठेवून प्रार्थना करायला बोलावलं. लग्नाची विनंती बाइड यांच्यासमोर आल्यावर त्यांनी विचार केला आणि होकार दिला. २१ मार्च १९५७ रोजी ऑक्सफर्डच्या चर्चिल हॉस्पिटलमध्ये, जॉय यांच्या खाटेपाशी, दोघांचं लग्न लागलं. त्याच दिवशी बाइड यांनी जॉयवर हात ठेवून आरोग्यासाठी प्रार्थना केली. थोड्या दिवसांनी त्यांना घरी पाठवलं गेलं. शेवटचे दिवस घरी जावेत, एवढ्याच हेतूने.

आणि मग अनपेक्षित गोष्ट घडली. वेदना कमी होत गेल्या. पोखरलेलं हाड भरून यायला लागलं. काही महिन्यांत जॉय उठून बसल्या, मग काठीच्या आधाराने चालू लागल्या. घरात फिरून रंगरंगोटी करून घ्यायला लागल्या. त्याच काळात लुईस यांची स्वतःची हाडं कॅल्शियम कमी होऊन ठिसूळ झाली, त्यांना कमरेला पट्टा बांधावा लागायचा. जॉयची वेदना आपल्याला मिळावी अशी त्यांनी प्रार्थना केली होती. जॉयच्या हाडांत कॅल्शियम भरत होतं तेव्हाच त्यांच्या हाडांतून ते जात होतं. त्यांनी याचा गाजावाजा केला नाही, पण जवळच्या मित्रांना सांगितलं. १९५८ साली दोघं आयर्लंडला जाऊन आले. लुईस यांना साठीच्या उंबरठ्यावर संसाराचं सुख मिळालं.

इथे दुसरा कुणी असता तर त्याने लगेच साक्षीचं पुस्तक लिहिलं असतं. लुईस यांनी १९५९च्या सुरुवातीला एका अमेरिकन मासिकात प्रार्थनेच्या परिणामकारकतेवर लेख लिहिला. त्यात नाव न घेता जॉयची हकिकत आहे. पण ती सांगून झाल्यावर ते म्हणतात, की यावरून काही सिद्ध होत नाही. वैद्यकशास्त्राचे अंदाज कधी कधी नुसतेच चुकतात. प्रार्थना ही प्रयोगशाळेत तपासायची गोष्ट नाही, कारण ती यंत्राचं बटण दाबणं नसून कुणाकडे तरी मागणं आहे, आणि ज्याच्याकडे मागतो तो हो म्हणू शकतो तसा नाहीही म्हणू शकतो. गेथशेमानेत खुद्द येशूने मागितलेलं मिळालं नाही, हे त्यांनी वाचकाला आठवून दिलं. आनंद दारात उभा असताना लिहिलेलं हे सगळं. आपल्याला मिळालं म्हणजे आपला विश्वास इतरांपेक्षा मोठा, असा सूर त्यात कुठेच नाही.

ऑक्टोबर १९५९ मध्ये तपासणी झाली. तोवर सगळे निश्चिंत होते. एक्स-रेमध्ये दिसलं, की कॅन्सर परत आला आहे.

जॉयना ग्रीस बघायचं होतं. १९६० च्या एप्रिलमध्ये, दुखणं अंगावर घेऊन, रॉजर लॅन्सेलिन ग्रीन आणि त्यांच्या पत्नीबरोबर दोघं तिकडे गेले. जॉय अथेन्सच्या अक्रोपोलिसवर चढून गेल्या. परत आल्यावर मे महिन्यात आणखी एक ऑपरेशन झालं. १३ जुलै १९६० रोजी रात्री ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ हॉस्पिटलमध्ये त्या गेल्या. वय ४५. धाकटा डग्लस तेव्हा १४ वर्षांचा होता. म्हणजे लुईस यांच्या घरात पुन्हा एकदा आईविना दोन मुलगे उरले.

दुःखाच्या प्रश्नावर पुस्तक लिहिणारा माणूस आता स्वतः त्या दुःखात होता. घरात सापडलेल्या कोऱ्या वह्यांत त्यांनी जसं वाटेल तसं लिहायला सुरुवात केली. चार वह्या भरल्या. १९६१ साली त्या एन. डब्ल्यू. क्लार्क या खोट्या नावाने छापून आल्या. जॉयचं नाव नाही, फक्त एक अक्षर. पुस्तक कुणाचं हे ठाऊक नसल्याने, दुःखात आधार होईल म्हणून काही ओळखीच्यांनी लुईस यांनाच ते वाचायला दिलं, असं सांगतात.

त्या वह्यांमध्ये शंका लपवलेली नाही. गरज सर्वांत जास्त असताना देवाकडे गेलो तर दार बंद, आतून कड्या लावल्याचा आवाज, आणि मग शांतता, असा त्यांचा अनुभव त्यांनी लिहून ठेवला. देव नाही अशी भीती त्यांना वाटत नव्हती. देव आहे, पण तो असाच क्रूर आहे की काय, ही भीती होती. आणि सगळ्यांत जास्त काय खुपत होतं? नुसतं मरण नव्हे. मधली ती खोटी ठरलेली आशा. चुकलेली निदानं, एक्स-रे, अधूनमधून पडलेला उतार, आणि चमत्कारच म्हणावा असं ते बरं होणं. कृपा वाटली ती प्रत्येक वेळी पुढच्या यातनेची तयारी होती, असं त्यांना वाटायला लागलं. ज्यांच्या घरात पेशंट एकदा बरा होऊन पुन्हा खालावला आहे, त्यांना हे निराळं समजावून सांगायला नको.

पण लगेच पुढच्या पानावर त्यांनी आपलंच लिहिणं तपासलं. काल लिहिलं तो विचार नव्हता, ते ओरडणं होतं, हे त्यांनी मान्य केलं. ओरडण्याचीही त्यांना लाज वाटली नाही आणि ओरडणं म्हणजेच शेवटचं सत्य असंही त्यांनी धरलं नाही. मला वाटतं, शंकेतून बाहेर यायची त्यांची वाट इथून सुरू झाली. त्यांनी शंका दाबली नाही, पण तिला एकटीला सोडलंही नाही. लिहीत राहिले, विचारत राहिले, कंटाळत, चिडत का होईना, देवाशीच बोलत राहिले.

मग एका सकाळी, बऱ्याच दिवसांनी झोप नीट लागली होती आणि ऊन पडलं होतं, तेव्हा मन हलकं वाटलं. आणि जॉयची आठवण करायचा आटापिटा सोडल्यावर ती जास्त जवळ आहे असं जाणवलं. त्यांच्या मनात आलं, की दार आपल्याच धडका मारण्याने ऐकू येईनासं झालं होतं का? बुडणारा माणूस वाचवायला आलेल्यालाच इतकं घट्ट धरतो, की त्याला वाचवता येत नाही. पुढे पुढे ते बंद दार त्यांना बंद वाटेनासं झालं. उत्तर तरीही मिळालं नाही. पण न मिळालेलं उत्तर म्हणजे हाकलून देणं नाही. कुणीतरी प्रेमाने बघत असावं आणि तुला हे आत्ता समजणार नाही असं मानेनेच सांगावं, तशी ती शांतता त्यांना वाटली. लहानपणी दर वाक्याला भावना यायलाच हवी म्हणून रात्र रात्र झगडणारा तो मुलगा इथे कुठे मोकळा झाला असेल.

१९६३ साली त्यांनी प्रार्थनेवरचं आपलं शेवटचं पुस्तक लिहिलं. माल्कम या काल्पनिक मित्राला लिहिलेली पत्रं. त्यात माल्कमचा मुलगा आजारी पडतो, तपासणीच्या निकालाची वाट बघावी लागते. लुईस त्या बापाला उपदेश करत नाहीत. काळजी वाटणं म्हणजे विश्वास कमी असणं, हे ते साफ नाकारतात. काळजी हे दुःख आहे, पाप नव्हे, आणि येशूनेही त्या बागेत ते सोसलं. दहा वर्षांपूर्वीच्या त्या कोड्याकडेही ते परत येतात. डोंगर हलवणारा विश्वास फार पुढे गेलेल्यांना देवाकडून मिळतो, तो आपण मन पिळून आणू शकत नाही, असं त्यांना आता वाटत होतं. आपल्यासारख्यांनी गेथशेमानेपासून सुरुवात करावी. जे हवं ते स्पष्ट मागावं, न लाजता मागावं, आणि निर्णय पित्याच्या हाती द्यावा. जोर लावून मनात आणलेली खात्री म्हणजे विश्वास नव्हे, हे सांगायला त्यांना पंचावन्न वर्षं लागली. पण ज्याने नऊ वर्षांचा असताना तोच जोर लावून पाहिला होता, त्यालाच ते सांगायचा अधिकार होता.

त्याच जुलैमध्ये त्यांना हृदयविकाराचा झटका आला. शुद्ध हरपली, आजाऱ्यासाठीचा शेवटचा संस्कारही झाला. आणि शुद्धीवर येऊन त्यांनी चहा मागितला. त्यानंतरचे शेवटचे महिने त्यांनी घरी शांतपणे घालवले. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी संध्याकाळी, पासष्टावा वाढदिवस आठवड्यावर आला असताना, ते वारले. त्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली, त्यामुळे जगाला ही बातमी उशिराच कळली. ऑक्सफर्डजवळच्या हेडिंग्टन क्वारी इथल्या आपल्या नेहमीच्या चर्चच्या आवारात त्यांना पुरलं आहे.

मंडळातले आपण सगळेच ख्रिस्ती नाही, आणि जे आहोत ते सगळे एका पंथाचेही नाही. कुणाचा प्रार्थनेवर विश्वास आहे, कुणाचा नाही. पण या गोष्टीतून एक साधं वागणं सगळ्यांनाच उचलता येईल. ज्यांच्या घरची प्रार्थना फळाला आली, त्यांच्याबरोबर आनंद करावा, पण त्यातून कुणाच्या विश्वासाचं माप काढू नये. आणि ज्यांच्या घरची आली नाही, त्यांच्याजवळ जाऊन बसावं. त्यांच्या विश्वासात काय उणं होतं हे शोधायला जाऊ नये. ते देवावर चिडले तर चिडू द्यावं. लुईसही चिडले होते. जॉयसाठी त्यांनी केलेली प्रार्थना चुकीची नव्हती, आणि आईसाठी त्या लहान मुलाने केलेलीही नव्हती. दोन्ही प्रार्थना प्रेमाच्या होत्या. पहिलीनंतर त्या मुलाला जवळ घेऊन एवढं सांगणारं कुणी भेटलं नाही. आपल्या वर्गात, आपल्या वसतिगृहात तसं एखादं मूल असेल, तर त्याला ते आपण सांगू शकतो.